तुम्ही विचारलंत म्हणून: दाखवायला काही नसताना काम कसं मिळतं?

ठाण्यात, नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत, गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब आणि दफ्तर मी सांभाळते. या कामात नव्याने आलेली मुलंमुली हमखास विचारतात, 'रंगवाला शेड कार्ड दाखवतो, सीसीटीव्हीवाला कॅमेरा दाखवतो. तुमच्याकडे हातात द्यायला काहीच नाही, मग कमिटी तुम्हाला काम देते कशी?' घाईघाईत दिलेलं उत्तर अपुरंच राहतं, म्हणून लिहूनच काढते.

आधी समोर कोण बसलंय ते बघा. सेक्रेटरी बहुधा नोकरदार, संध्याकाळच्या लोकलमधून उतरून थेट सोसायटीच्या ऑफिसात आलेला. खजिनदार बहुतेक वेळा निवृत्त गृहस्थ. दोघंही बिनपगारी राबतात आणि सर्वसाधारण सभेत बोलणी यांनाच खावी लागतात. तुम्ही टॅलीत काम करता की आणखी कशात, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ऑडिटरने शेरा मारला तर? 30 सप्टेंबरच्या आत सभा झाली नाही तर? उद्या कुणी उठून पैशांबद्दल संशय घेतला तर? त्यांची झोप यापायी उडालेली असते. ते ऐकून घेतल्याशिवाय दराचा विषय काढूच नका.

पहिल्या भेटीला मी माहितीपत्रक नेत नाही. त्यांचंच एक मेंटेनन्सचं बिल मागून घेते आणि त्यांच्यासमोर वाचते. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के धरलाय का? भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर तर गेलं नाही ना? पाचपाखाडीच्या एका सोसायटीत हे 10 टक्के अख्ख्या बिलावर काढलेले दिसले, महापालिकेचा कर आणि सिंकिंग फंडसुद्धा त्यात धरून. मी बिलाच्या कडेला पेन्सिलीने दोन्ही रकमा मांडल्या: घेतली किती आणि घ्यायला हवी होती किती. खजिनदार काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि सेक्रेटरीला म्हणाले, 'अरे, म्हणजे चौथ्या मजल्यावरचे ते इतके दिवस भांडतायत, ते बरोबरच होतं की!' त्या वाचनाचे मी पैसे लावत नाही. पण माझं काम म्हणजे नेमकं काय, हे त्या दोघांना तिथल्या तिथे कळलं. कितीही गोड बोलले असते तरी ते साधलं नसतं.

दुसरं, 'सगळं सांभाळून घेते, काळजी करू नका' असं कधीही म्हणू नका. ते सगळेच म्हणतात. मी तारखा लिहून देते: बिलं कधी निघणार, थकबाकीची यादी कधी मिळणार, 31 जुलैच्या आत ऑडिट पुरं व्हावं म्हणून दफ्तर ऑडिटरकडे कधी पोचणार, वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी जावी म्हणून मसुदा कधी तयार असणार. त्याच कागदावर मी काय करणार नाही तेही असतं. वसुलीसाठी दारोदार फिरणार नाही, सभासदांच्या भांडणात कुणाची बाजू घेणार नाही. हे वाचून काही कमिट्या मागे हटतात. हटू देत.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि याबद्दल मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं. काम मिळवण्यापेक्षा ते टिकवणं कठीण. मार्केटिंगचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांनी 1981 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात न दिसणाऱ्या सेवांबद्दल हे नेमकं मांडलंय: आपल्याला काय मिळतंय हे गिऱ्हाइकाला बहुधा ते मिळेनासं झाल्यावरच कळतं. आमच्या कामात तर हे पावलोपावली जाणवतं. बिलं वेळेवर निघाली, सभा शांतपणे पार पडली, की दोन वर्षांत कुणीतरी विचारतंच, 'या मॅडम नक्की करतात तरी काय?' कमिटीची मुदत पाच वर्षांची. निवडणूक होऊन नवे लोक आले की त्यांना आधीचा गोंधळही ठाऊक नसतो.

म्हणून दर महिन्याला एकच पान देते. वसुली किती झाली, थकबाकी कुणाकडे, कुठली एफडी कधी पिकतेय, 'आय' आणि 'जे' या सभासदांच्या नोंदवह्यांत कुठल्या नावाची भर पडली, पुढची कायदेशीर तारीख कोणती. महिन्यात विशेष काही घडलं नसेल तरी पान जातंच. उलट तेव्हा तर जायलाच हवं! मराठीत, मोठ्या अक्षरांत, खजिनदार काकांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

दर पाडून काम घेऊ नका. न दिसणाऱ्या कामाचा दर पाडलात की समोरच्याला वाटतं, यात तसं काही नव्हतंच. त्याऐवजी काम कमी करून द्या, नुसती बिलं आणि पावत्या, आणि दर त्या मानाने सांगा.

नव्या सोसायटीने चौकशीसाठी नंबर मागितले, तर माझ्याकडचं काम बंद केलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचाही नंबर मी देते, अर्थात त्यांना आधी विचारून. बरेचजण पहिला फोन त्यांनाच लावतात.