वारसाची स्कूटर आणि विक्रीची मोटार: कोल्हापुरातील वाहन नोंदणीचा माझा अनुभव

वडिलांच्या निधनानंतर आमच्या घरात दोन वाहनांच्या नोंदणीचे काम एकाच सुमारास निघाले. वडिलांची 2014 सालची स्कूटर बहिणीच्या नावावर करायची होती, आणि माझी 2017 सालची मोटार कर्नाटकातल्या निपाणीच्या मामेभावाने घ्यायचे नक्की केले होते. दोन्ही गाड्या एमएच-09 च्या, म्हणजे कोल्हापूरच्याच. ताराबाई पार्कातल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाबाहेर मी चौकशी केली, तेव्हा मला दोन्ही कामांसाठी एकच ‘टीटीचा सेट’, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मचा गठ्ठा, देऊ करण्यात आला. त्यात फॉर्म 29 आणि 30 होते, शिवाय पत्ता बदलाचा 33 आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा 35 हेही होते. सगळे भरून ठेवा, लागेल ते साहेब घेतील, असा सल्लाही मिळाला.

तो सेट मी घेतला नाही. मालकी का बदलते आहे यावर कोणता फॉर्म लागणार हे ठरते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये प्रत्येक कारणाची वाट वेगळी आहे. विक्री असेल तर 29 आणि 30, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाकडे गाडी येत असेल तर 31, आणि सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीसाठी 32. पत्ता बदलाचा 33 हा मालक तोच राहून घर बदलले तर लागतो. वडिलांच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, शिवाजी पेठेतला जुना पत्ता होता म्हणून तो आधी बदलून घ्यावा, असे मला दोघा-तिघांनी आग्रहाने सांगितले होते. पण नव्या मालकाचा पत्ता नव्या मालकाच्या कागदांवरूनच नोंदला जातो, मग दिवंगत माणसाचा पत्ता दुरुस्त करण्यात काय हशील?

स्कूटरच्या बाबतीत खरी अडचण फॉर्मपेक्षा मोहाची होती. एका एजंटाने अगदी सहजपणे सुचवले, “साहेब, वडिलांची सही तुम्हाला जमतीय की. मागची तारीख घालू, 29-30 वर सही मारा, काम मोकळं. वारसाच्या भानगडीत पडला की लय कागद लागत्यात.” ही सूचना इतक्या सरावाने आली, की अशी कामे होत असणार याविषयी मला शंका उरली नाही. परंतु असे करणे म्हणजे सरळ खोटी सही करणे आहे. पुढेमागे त्या गाडीचा अपघात झाला आणि विमा कंपनीने कागद तपासायला घेतले, तर मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख आणि फॉर्मवरची तारीख समोरासमोर ठेवायला कोणालाही फार हुशारी लागणार नाही. शिवाय वारसाचा रस्ता तितका अवघड नाहीच. फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) हा त्याचा गाभा. त्याला इतर वारसांच्या संमतीची जोड द्यावी लागते. आई आणि मी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून, गाडी बहिणीच्या नावावर होण्यास आमची हरकत नाही, असे लिहून दिले.

मुदतीची एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत माहीत नसते. वारसाला मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने ती गाडी वापरता येते, परंतु मृत्यू झाला आहे आणि गाडी आपण वापरणार आहोत हे तीस दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवले असेल तरच. तीन महिन्यांच्या आत मग फॉर्म 31 चा अर्ज करायचा. तेराव्यापर्यंत घरात कोणाला कागदांचे भान नसते, हे खरे. पण उरलेल्या दिवसांत एक साधे पत्र देऊन पोच घेतली, की पुढची धावपळ टळते. आम्ही तसे पत्र दिले आणि त्यानंतरच बहिणीने स्कूटर बाहेर काढली.

ती कोणाच्या नावावर करायची, यावरही घरात बराच विचार झाला. पहिला कल आईच्या नावाकडे होता, कारण तिचा मान मोठा आणि कोणाला नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु आईकडे वाहन चालवण्याचा परवाना नाही. विम्यातील मालक-चालकाचे जे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते मालकाकडे वैध परवाना असेल तरच लागू होते. गाडी आईच्या नावावर आणि चालवणार बहीण, अशी व्यवस्था केली असती तर त्या संरक्षणाचा दोघींपैकी कोणालाच उपयोग झाला नसता. म्हणून रोज जी स्कूटर चालवते तिच्याच नावावर ती करायची, असे ठरले. 2021 पासून नोंदणीतच नामनिर्देशित व्यक्तीचे, म्हणजे मालकाच्या मृत्यूनंतर गाडी जिच्याकडे जावी तिचे, नाव घालण्याची सोय झाली आहे. वडिलांची गाडी त्याआधीची असल्याने ती जागा रिकामी होती. बहिणीने तिथे आईचे नाव घातले, तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे आता तुझ्यामागं मी स्कूटर चालवायची होय?”

आणखी दोन बारीक गोष्टी कामाच्या ठरल्या. पहिली वडिलांच्या मोबाइल क्रमांकाची. ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत त्यांचाच क्रमांक नोंदलेला होता आणि ऑनलाइन अर्जाचे ओटीपी जुन्या क्रमांकावर जातात. सिमकार्ड लगेच बंद न करता चालू ठेवल्यामुळे आमचा एक वळसा वाचला. दुसरी नंबर प्लेटची. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक केली असून, ती नसेल तर मालकी बदलासारखी कामे अडतात. आमच्या दोन्ही गाड्या त्यात बसत होत्या. दुचाकीला 450 आणि मोटारीला 745 रुपये, अधिक जीएसटी, असा दर होता; पाट्या बसवून घेतल्या आणि मगच अर्ज केले. त्या मानाने मालकी बदलाचे मूळ शुल्क अगदी किरकोळ आहे, दुचाकीला 150 आणि मोटारीला 300 रुपये. बाकीचा खर्च कार्डाचा, टपालाचा आणि, आपण होऊ दिला तर, मधल्या माणसांचा.

मोटारीचे प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचे निघाले, कारण तिच्यावर कर्जाची नोंद होती आणि ती राज्याबाहेर जाणार होती. कर्ज फिटून बराच काळ झाला होता, पण हप्ते संपले म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी फॉर्म 35 च्या दोन प्रती बँकेच्या सही-शिक्क्यानिशी, आणि सोबत बँकेचे ना हरकत पत्र लागते. माझी बँक 1 एप्रिल 2020 च्या विलीनीकरणात दुसऱ्या बँकेत गेली होती, त्यामुळे आरसीवर एक नाव आणि पत्राच्या माथ्यावर दुसरे, असा प्रकार होता. शाखेने विलीनीकरणाचा उल्लेख पत्रातच घालून दिला आणि तो प्रश्न तिथेच मिटला. ज्यांची कर्जे त्या काळातली आहेत त्यांनी पत्र हातात घेण्यापूर्वी ही ओळ आहे का, हे जरूर पाहावे.

बोजा उतरल्यावर फॉर्म 28, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज. तो तीन प्रतींत द्यावा लागतो आणि प्रत्येक प्रतीवर चेसिस क्रमांकाचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा, पेन्सिलचा ठसा हवा असतो. हे काम मी स्वतः केले. क्रमांक जिथे कोरलेला होता तिथली धूळ आणि ग्रीस आधी रॉकेलच्या फडक्याने पुसून काढले, वर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवली, आणि एकेक अक्षर पांढरे उमटत गेले. जोरात घासले की कागद कोरीव खाचेत फाटतो. तो 17 अक्षर-अंकांचा क्रमांक आरसी आणि विम्याच्या पॉलिसीशी ताडून पाहिला, तेव्हा पॉलिसीवर शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ छापलेला आढळला. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरलीच जात नाहीत, त्यामुळे तिथे शून्यच असणार हे उघड होते. अर्ज करण्यापूर्वी विमा कंपनीकडून ती दुरुस्ती करून घेतली. दंडाची ई-चलाने थकलेली असतील तर तीही आधी भरावी लागतात. माझ्या नावावर एक निघाले, ते भरले.

मामेभावाशी माझा थोडा वाद झाला तो मुदतीवरून. निपाणी कोल्हापूरपासून जेमतेम चाळीस किलोमीटर. तिकडे एमएच-09 च्या गाड्या रोज दिसतात, त्यामुळे त्याचे म्हणणे होते, “दादा, बारा महिने महाराष्ट्राची पाटी चालतीय की, सावकाश करू.” बारा महिन्यांची तरतूद कायद्यात आहे हे खरे, पण ती एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक कधी घ्यावा याविषयी आहे. मालकी बदलाची मुदत त्याहून पूर्ण वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत, राज्याबाहेरच्या व्यवहारात 45 दिवसांत कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. तोपर्यंत कागदोपत्री मालक मीच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, गाडी हातोहात अनेकांना विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, असे स्पष्ट केले आहे. नात्यातला व्यवहार असला तरी हे ओझे कोणी अंगावर का ठेवावे? मी त्याला तसे सांगितले आणि त्यालाही ते पटले.

म्हणून गाडीचा ताबा देताना फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या केल्या, तारखेचा रकाना कोरा सोडला नाही, आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून त्याची सही घेतली. कोरे सही केलेले 29-30 घेणाऱ्याच्या हवाली करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, विशेषतः जुन्या गाड्यांच्या बाजारात. घेणारा दलाल असला, तर तो गाडी कधी आणि कोणाला विकेल यावर मग आपला काहीच ताबा राहत नाही. मोटार असल्याने दोघांचे पॅनही जोडावे लागले. पॅन नसलेल्याला तेव्हा फॉर्म 60 भरता येत होता. ना हरकत प्रमाणपत्र घेऊन त्याने चिक्कोडीच्या कार्यालयात अर्ज केला, कर्नाटकाचा कर भरला आणि गाडीला केए-23 चा क्रमांक मिळाला.

विम्याच्या बाबतीत नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीबरोबर जात नाही, तो विमाधारकाचा असतो. मी विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ठेवले. नवी मोटार तीन वर्षांच्या आत घेतली तर ते वापरता येते. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा काही भाग परत मागण्याचा अर्ज तेवढा बाकी आहे. त्याला कर्नाटकातील नव्या नोंदणीचा पुरावा लागतो, आणि मामेभावाने त्याच्या नव्या आरसीची प्रत कालच पाठवली आहे.