तुम्ही विचारलंत म्हणून: चायना ग्रास व्हेज असतं का?

मी पुण्यात एका कॉलेजच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे चायना ग्रास व्हेज की नॉनव्हेज हा प्रश्न सोसायटीच्या हळदीकुंकवापासून ते पार मुलाच्या मुंजीपर्यंत सगळीकडे माझ्याकडेच येतो. तर एकदाच लिहून टाकते. व्हेज आहे. शंभर टक्के. जनावरांच्या हाडांचं आणि कातड्याचं असतं ते जिलेटिन, ते वेगळं. चायना ग्रास म्हणजे अगार, आणि ते समुद्रातल्या शेवाळाचं. उपासाला चालतं का, हे मात्र मला विचारू नका, आमच्याकडे चालतं, तुमच्याकडचं तुमच्या सासूबाई सांगतील.

लॅबमध्ये हेच अगार आम्ही रोज वापरतो, फक्त जास्त शुद्ध केलेलं आणि महाग. लिटरभर माध्यमात, म्हणजे बॅक्टेरियांच्या पातळ खाद्यात, साधारण १५ ग्रॅम घालायचं, उकळायचं, प्लेटमध्ये ओतायचं, की घट्ट होतं आणि त्यावर बॅक्टेरिया वाढवायचे. पूर्वी यासाठी जिलेटिन वापरायचे पण ते ३७ डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये (बॅक्टेरिया वाढवायची उबदार पेटी) वितळायचं आणि काही बॅक्टेरिया तर ते चक्क पचवूनच टाकायचे. अगार वितळायला ८५ डिग्रीच्या आसपास लागतात आणि एकदा घट्ट झालं की ३७ ला हलत नाही. ही आयडिया १८८१ मध्ये फॅनी हेस्से या बाईंनी सुचवली, नवरा रॉबर्ट कोख या जर्मन बॅक्टेरियाशास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये होता आणि या घरी जेलीला अगार वापरायच्या. नाव नवऱ्याचं आणि साहेबांचं झालं, ते काही वेगळं सांगायला नको.

पण व्हेज का एवढं ऐकून लोक निघून जातात आणि ते शेवाळ आणतं कोण हे कुणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगते.

आपल्याकडचं बरंचसं अगारचं शेवाळ येतं तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यातून, मन्नारच्या आखातातून. म्हणजे आपले पुणेकर रामेश्वरची यात्रा करतात, पांबनच्या पुलावर गाडी आली की दारात उभे राहून व्हिडिओ काढतात ना, त्याच पुलाजवळच्या चिन्नपालमसारख्या गावांतल्या कोळणी हे काम करतात. मुख्य करून बायकाच. सकाळी पाच-सहा जणी मिळून एका होडीतून जातात आणि मग पाण्यात उतरून बुडी मारायची, श्वास धरायचा, खालच्या खडकावरून शेवाळ हातानं उपटायचं, कमरेच्या जाळीच्या पिशवीत कोंबायचं, वर यायचं, पुन्हा खाली. ऑक्सिजन वगैरे काही नाही. डोळ्याला गॉगल, पायाला खडक लागू नयेत म्हणून रबरी चपला किंवा पत्र्याचे तुकडे बांधलेले, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि साडीवर नवऱ्याचा नाहीतर भावाचा शर्ट. तरी खडकानं हात फाटतातच, शिवाय जेलीफिश आहेत. अशा तासन् तास बुड्या. त्यात चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायकाही असतात, लहानपणी आईबरोबर शिकलेल्या. (मी टिळक तलावावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहले की दिवसभर घरात ऐकवते.)

काढतात काय तर सगळ्यात भाव मरिकोळुंदूला, शास्त्रीय नाव गेलिडिएला असेरोसा, यातून उत्तम अगार निघतं. दुसरं कंची पासी, ते पण अगारचंच. तिसरं कट्टकोरै म्हणजे सारगॅसम, त्यातून अल्जिनेट मिळतं, कापडावरच्या छपाईत वापरतात तो पदार्थ, आणि दाताचं माप घ्यायला डेंटिस्ट तोंडात जो गिळगिळीत गोळा भरतात तोही अल्जिनेटचाच. माल वाळूवर वाळवायचा, व्यापाऱ्याला द्यायचा, आणि बऱ्याचदा आधीच त्याच्याकडून उचल घेतलेली असते त्यामुळे भाव तोच ठरवणार. मग मदुराईकडच्या कारखान्यांत ते धुऊन, उकळून, गाळून, गोठवून, वाळवून त्याच्या पांढऱ्या पट्ट्या होतात आणि रविवार पेठेत आपण त्या पाकिटात विकत घेतो. पाकिटावर या सगळ्यातलं अक्षर नसतं.

आता खरी गुंतागुंत. त्या भागातली २१ बेटं आणि भोवतीचं पाणी १९८६ मध्ये मरीन नॅशनल पार्क झालं. प्रवाळ वाचवायला, ते बरोबरच आहे, प्रवाळ गेलं की मासेही जाणार. पण मरिकोळुंदू उगवतं त्याच खडकांवर, आणि या बायका पार्कच्या आधीपासून तिथे जात होत्या, त्या एका दिवसात बेकायदा झाल्या. पकडलं तर माल जातो, दंड होतो. मग त्यांनी स्वतः एकत्र येऊन नियम केले: महिन्यातून १२ दिवसच जायचं, लोखंडी खरवडणी वापरायची नाही, हातानंच काढायचं म्हणजे मूळ राहतं आणि पुन्हा वाढतं, उन्हाळ्यात ट्रॉलरना, म्हणजे जाळी ओढणाऱ्या मोठ्या मासेमारी बोटींना, बंदी असते तेव्हा आपणही थांबायचं. चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना यासाठी २०१५ चा सीकॉलॉजी (बेटांच्या निसर्गरक्षणासाठी काम करणारी संस्था) पुरस्कार मिळाला. माझं स्पष्ट मत विचाराल तर समुद्राची काळजी घ्यायला ज्यांना कुणी सांगावं लागलं नाही त्यांच्या पिशव्या तपासण्यात काय पुरुषार्थ आहे मला कळत नाही.

सरकारचं उत्तर आहे शेती करा. बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस नावाचं शेवाळ वाढवायचं, रामनाथपुरममध्येच १२७ कोटींच्या वर खर्चाचं सीवीड पार्क मंजूर झालंय. उत्पन्न बरं मिळतं म्हणतात, पाण्यात बुडी मारायला नको, हे सगळं खरं. पण ही जात बाहेरून आणलेली, २००८ च्या सुमारास कुरुसडै बेटाजवळ ती तराफ्यावरून सुटून जिवंत प्रवाळावर पसरलेली सापडली होती, म्हणजे जे प्रवाळ वाचवायला बायकांना हाकलायचं त्याच्याच डोक्यावर हे. आणि कप्पाफायकसमधून निघतं कॅराजीनन, घट्टपणा आणणारा वेगळा पदार्थ, जे टूथपेस्टमध्ये आणि चॉकलेट दुधात जातं. अगार त्यातून निघत नाही, त्यामुळे तराफे कितीही वाढले तरी मरिकोळुंदूला गिऱ्हाईक राहणारच.