पेटीतले तीन हजार

ऑक्टोबर 2017. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाची मासिक बैठक होती. बारा बायांचा गट, महिन्याला शंभर रुपये बचत. त्या भागात मी सहयोगिनी म्हणून काम करत होते. बैठका, वह्या, बँकेची कामं आणि भांडणं, सगळं माझ्याकडे असायचं.

पेटी मध्ये ठेवली. निळ्या रंगाची, पत्र्याची, शाळेतली मुलं पूर्वी दप्तरासाठी वापरायची तशी. पेटी एकीच्या घरी आणि किल्ली सचिवताईंकडे, ही पहिल्या दिवसापासूनची रीत. मागच्या इतिवृत्तात शिल्लक लिहिली होती 6,350 रुपये. सचिवताईंनी कुलूप काढलं, अध्यक्षांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. 3,350 भरले.

खरं तर ही रक्कम पेटीत असायलाच नको होती. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पैसे बँकेत भरायचे असा नियम. पण बँक चौदा किलोमीटरवर, सोयाबीनची सोंगणी तोंडावर आलेली, आणि 'पुढच्या वेळी भरू' म्हटल्यावर मीही मान डोलावली होती. आता जे घडलं त्याची सुरुवात त्या मान डोलावण्यात होती, हे मला तिथेच, सतरंजीवर बसल्या बसल्या कळलं.

कुणीतरी हळूच म्हणालं, "पेटीची कडी ढिली हाय."

एवढंच. पण सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. जिच्या घरी पेटी असायची ती भूमिहीन, रोजमजुरी करणारी. घर वस्तीच्या अगदी टोकाला. किल्ली जिच्याकडे होती तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, कारण तिचं घर सिमेंटचं आणि नवरा नोकरीवाला. माझीही नजर त्या टोकाच्या घराकडेच गेली होती. हे आजही मला टोचतं.

ती उठून उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत म्हणाली, "म्या पंधरा दिवस सोयाबीन सोंगाले बाहेरगावी होती. पेटीले हात नाही लावला."

कुणी उत्तर दिलं नाही. 1992 साली नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, देशभरात 500 बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. गटाची नोंदणी नसली, तारण नसलं तरी कर्ज द्यायचं, कारण सदस्य एकमेकींना ओळखतात. प्रशिक्षणात हे मी कितीदा सांगितलं असेल! पण ओळखीत कोण गरीब, कोणाचा नवरा पितो, कोणाच्या घरी चूल कधी पेटत नाही, हेही सगळं येतं. संशयाला तेवढं पुरतं.

चार-पाच मिनिटं गेली असतील. मग सचिवताई रडायलाच लागल्या.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती. फवारताना औषध अंगावर, तोंडावर यायचं. विषबाधेने जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. गटातल्याच एकीच्या नवऱ्याला रात्री उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांना दिसेना. यवतमाळच्या मेडिकलला न्यायला गाडी हवी होती, हातात पैसा नव्हता. ती सचिवताईंकडे धावली. सचिवताई किल्ली घेऊन टोकाच्या घरी गेल्या, म्हाताऱ्या सासूने दार उघडलं, तीन हजार काढले, दिले. माणूस वाचला. पण त्याच्या बायकोचे आधीच्या कर्जाचे दोन हप्ते थकलेले होते, आणि थकबाकी असताना नवं कर्ज नाही हा गटाचा ठराव. "कोणाले सांगू नका," असं तिने हात जोडून विनवलं. सासूला ऐकू कमी येतं, तिने सुनेला काहीच सांगितलं नव्हतं.

पैसे दिले यात चूक काढायला कुणीच तयार नव्हतं, मीही नाही. पण ती चार-पाच मिनिटं! तेवढ्या वेळात एक बाई सगळ्यांसमोर चोर ठरली होती, आणि खरं माहीत असलेल्या दोघी तिथेच बसून होत्या.

पुढे वाद झाला तो व्याजावर. "आजारपणाच्या पैशाले व्याज कायले?" असं बऱ्याच जणींचं म्हणणं. गटातली सगळ्यात वयस्क आजी, जिला सही येत नाही, ती म्हणाली, "शेकडा दोननं लावा. नाहीतर तिले ते दान वाटीन, अन् मंग बैठकीत तिचं तोंड उघडन नाही." महिन्याला साठ रुपये. ज्यांच्या नवऱ्याचा प्रश्न होता त्या ताईंनी मान वर करून पहिल्यांदा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लावा." वहीत त्या दिवसाच्या तारखेने कर्ज लिहिलं. रात्री निकड आली तर किमान तिघींना उठवून पैसे काढायचे आणि सकाळी वहीत लिहायचं, असा ठरावही लिहिला. मी तो मोठ्याने वाचला. तेव्हापासून मी कुठल्याही गटात शिल्लक मोठ्याने वाचल्याशिवाय बैठक उठू देत नाही.

पेटी मात्र सतरंजीवरच राहिली. टोकाच्या घरची ताई ती उचलेना. अध्यक्षांनी माफी मागितली, मीही मागितली. "आता माह्या घरी ठेवाची नाही," एवढं बोलून ती निघून गेली. तिला थांबवायला कोणत्या तोंडाने जाणार होतो?

तीन महिने पेटी इकडून तिकडे फिरली. त्या हिवाळ्यात बोंडअळीने कपाशी खाल्ली, हप्ते रखडले, पण तिची बचत एकदाही चुकली नाही. जानेवारीच्या बैठकीत ती आपणहून म्हणाली, पेटी नेते, पण माझ्या अंगणात चला.

आम्ही तेराही जणी गेलो. कडी तिने लोहाराकडून नवी बसवून घेतली होती. अंगणात चटई टाकून तिने एकेक नोट सगळ्यांसमोर मोजली, चिल्लर वेगळी लावली, आकडा कागदावर लिहायला लावला, सगळ्यांच्या सह्या आणि आजीचा अंगठा घेतला. सासूला जवळ बोलावून तिच्या कानाशी आकडा मोठ्याने सांगितला. मग कागद पेटीत ठेवला, कुलूप लावलं, किल्ली सचिवताईंच्या हातात दिली आणि पेटी घरात नेली.