आमची वाटचाल : टॉवेलचा काटा आणि डीएलएलची भानगड

2017 च्या जुलैत जीएसटी लागला आणि सोलापुरातले टॉवेलवाले, चादरवाले एकदम बिलिंग सॉफ्टवेअरच्या मागं लागले, तेव्हा आम्ही दोघं मित्र अशोक चौकाजवळ एका खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून तसलंच सॉफ्टवेअर बनवायला बसलो. आमच्या मालाची खासियत एकच, गठ्ठा काट्यावर ठेवला की वजन आपोआप चलनावर. काट्याशी बोलणारी डीएलएल (प्रोग्रॅमला जोडून चालणारी तयार कोडची फाईल) काटेवाल्यानं दिलेली, तयार, सोर्स कोड (वाचता-बदलता येणारा मूळ कोड) नाही. पॅकिंग म्हणजे काय तर एक्सई (प्रोग्रॅमची मुख्य फाईल) आणि शेजारी दिसतील तेवढ्या डीएलएल फोल्डरात कोंबायच्या, पेन ड्राइव्ह खिशात घालायचा आणि गाडीला किक.

पहिलाच कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मालक म्हणाले, "ओ साहेब, हे उघडंना झालंय की." एमएसव्हीसीपी140डी नावाची डीएलएल सापडत नाही म्हणे. आमच्याकडं तर झकास चालत होतं! शेवटचा तो 'डी' डीबगचा, म्हणजे चुका शोधायच्या आवृत्तीचा, ती फाईल व्हिज्युअल स्टुडिओ (प्रोग्रॅम लिहायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) टाकलेल्या मशीनवरच असते आणि गिऱ्हाइकाला द्यायची परवानगीच नाही. मी अतिशहाण्यानं ती नेटवरच्या कुठल्यातरी साइटवरून उतरवली, अँटिव्हायरस बोंबलला ते वेगळंच. उपाय साधा होता, रिलीज बिल्ड (कोडपासून तयार केलेला, गिऱ्हाइकाला द्यायचा प्रोग्रॅम) काढायचा आणि मायक्रोसॉफ्टचा रीडिस्ट्रिब्युटेबल (गिऱ्हाइकाला देता येणाऱ्या डीएलएलचा संच) आपल्या सेटअपमध्येच घालायचा.

मग 64 बिटचं लफडं. काट्याची डीएलएल 32 बिट, आणि 64 बिटच्या प्रोग्रॅममध्ये ती लोडच होत नाही, सिद्धेश्वराला नवस बोला नाहीतर काही करा. शेवटी काट्यापुरता वेगळा 32 बिट प्रोग्रॅम काढला, तो वजन वाचतो आणि मोठ्याला सांगतो. (64 बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम32 फोल्डरात 64 बिटच्या फायली आणि सिसवॉव64 मध्ये 32 बिटच्या असतात, हे कळायला आमचा अख्खा दिवस गेला.)

पण खरा दणका पुढंच होता. एका कारखान्यात 48.350 किलोचा गठ्ठा चलनावर 483.50 छापून आला. आमच्या कुणाच्या नाही, हमालाच्या लक्षात आलं, "एवढं मी एकट्यानं उचललं व्हय?" शोधलं तर काटेवाल्यानं नव्या मॉडेलसाठी डीएलएल बदललेली, नाव तेच, व्हर्जन नंबरपण तोच, आणि पार्टनरनं ती जुनीवर पेस्ट केलेली. जुनी कुठाय, कुणाला माहीत.

त्या रात्री वही घातली. म्हणजे टेक्स्ट फाईलच, प्रत्येक तयार फाईल कुणाकडून आली, कधी, 32 की 64, लायसन्स काय आणि तिचा एसएचए-256 हॅश (फाईलवरून काढलेला तिचा ठसा, फाईल जराशी बदलली की तोही बदलतो). बिल्ड सुरू झाला की आधी हॅश जुळवतो, नाही जुळला तर तिथंच थांबतो. पार्टनर सुरुवातीला लय वैतागायचा, दोन मिनिटांच्या कामाला दहा मिनिटं म्हणायचा, आणि नंतर काटेवाल्यानं परत तसंच गुपचूप केलं तेव्हा बिल्ड अडला आणि गडी गप झाला. फायली गिटमधूनपण (कोडचे बदल जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) बाहेर काढल्या, कारण गिट प्रत्येक जुनी प्रत हिस्ट्रीत धरून बसतं, नुसतं डिलीट करून साइज उतरत नाही, हिस्ट्रीच साफ करावी लागली. आता ऑफिसच्या सर्व्हरवर व्हर्जनवार फोल्डर, जुनीवर नवी टाकायची नाही म्हणजे नाही.

एक गिऱ्हाईक मात्र अजून विंडोज 7 वरच, मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट 2020 च्या जानेवारीत संपला तरी. त्यांच्यासाठी जुन्या डीएलएलचा एक संच राखून ठेवलाय, वेगळा बिल्ड निघतो. गड्ड्याच्या यात्रेत कारखाना बंद असतो तेव्हा मशीन बदलू म्हणतात, दर वर्षी म्हणतात.