राजाने नेमलेला रब्बी: हसदाई क्रेस्कास

मध्ययुगीन स्पेनमधील आरागॉनच्या राज्यात ज्यू समाज थेट राजाच्या मालकीचा मानला जात असे. त्यांचा कर राजाच्या तिजोरीत जाई आणि त्यांच्या रक्षणाची जबाबदारीही राजाकडेच असे. तिथल्या सारागोसा शहराचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, हसदाई क्रेस्कास यांना राजा पहिला जोआन याने १३९० मध्ये न्यायाधीश नेमले, तेव्हा समाजाविरुद्ध चहाड्या करणाऱ्या ज्यूंचे खटले राज्यभर चालवण्याचा अधिकार त्यांच्याकडे आला. आपल्याच माणसांना राजाच्या सत्तेने शिक्षा द्यायची आणि तरीही त्यांचा विश्वास टिकवायचा, हा मला या पदाचा सर्वांत अवघड भाग वाटतो.

पुढच्याच वर्षी या पदाची मर्यादा उघडी पडली. जून १३९१ मध्ये सेव्हिलला एका ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याच्या विखारी प्रवचनांतून उसळलेली ज्यूविरोधी दंगल जुलैत व्हॅलेन्सियाला आणि ऑगस्टमध्ये बार्सिलोनाला पोहोचली. राजा-राणी सारागोसात असल्यामुळे तिथले ज्यू बचावले. बार्सिलोनात मात्र क्रेस्कास यांचा एकुलता एक मुलगा मारला गेला, आणि त्याचे नुकतेच लग्न ठरलेले होते. ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील अव्हिन्यॉंच्या ज्यूंना लिहिलेल्या पत्रात ते एकेका शहराचा संहार क्रमाने नोंदवत जातात, आणि बार्सिलोनाची पाळी येते तेव्हा त्याच ओघात मुलाचा उल्लेख करतात: तो निष्कलंक कोकरू होता, त्याला मी बली म्हणून अर्पण केले. आपले दुःख समाजाच्या दुःखापासून वेगळे काढून दाखवणे त्यांना मान्य नव्हते, असे मला ते वाचताना तीव्रतेने जाणवते.

त्यानंतरही त्यांनी पद सोडले नाही. बार्सिलोना आणि व्हॅलेन्सियातील ज्यू वस्त्या पुन्हा वसवण्यासाठी कुटुंबे निवडण्याचे काम राजाने त्यांच्यावर सोपवले, तेव्हा निधी जमवण्यापासून सारी खटपट त्यांनी केली. बार्सिलोनाचा समाज मात्र पुन्हा उभा राहिला नाही. सारागोसाच्या समाजाच्या कारभारासाठी त्यांनी १३९६ मध्ये नवे नियम घालून दिले, आणि धर्मांतराचा दबाव वाढत असताना ख्रिस्ती सिद्धांतांचे खंडन करणारा ग्रंथ कातालान भाषेत लिहिला. एवढ्या व्यापातून १४१० मध्ये पूर्ण झालेल्या ‘ओर अदोनाय’ (‘ईश्वराचा प्रकाश’) या ग्रंथात त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलच्या भौतिकशास्त्राला आव्हान देत पोकळी आणि अनंत यांचे अस्तित्व शक्य मानले, आणि माणसाचे अंतिम ध्येय बौद्धिक ज्ञान नसून ईश्वरावरील प्रेम आहे, असे बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीसच्या विरोधात ठामपणे मांडले.