दीड वीत

परवा दुपारी पडल्यापडल्याच आईने विचारले, "सॅन फ्रान्सिस्को किती लांब रे?" धाकट्याने तिला तिकडे बोलावले आहे. मी "साडेतेरा हजार किलोमीटर" असे सांगितले. नाशिकच्या माणसाला अंतर तासांत सांगावे लागते, हे मी विसरलो होतो. "मुंबईहून थेट विमान मिळाले तर सोळा-सतरा तास," अशी दुरुस्ती केली, तेव्हा तिने फक्त "मुंबईहून?" एवढेच म्हटले.

नानांच्या टेबलावर एक पृथ्वीगोल असे आणि सुट्टीतल्या दुपारी त्यावर शिवणाचा दोरा ताणून शहरांमधली अंतरे मोजणे हा आमचा उद्योग असे. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडच्या टोकाला असल्यामुळे तिथे पश्चिमेकडूनच जायचे, अशी माझी पक्की समजूत होती. दोरा मात्र मुंबईहून किंचित पूर्वेला झुकत उत्तरेकडे चढायचा आणि सायबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का असे करत सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचा. माझ्या हाताने तो दीड वीत भरे. गोलावर नाशिक नव्हतेच. नानांनी बॉलपेनने ते उमटवायला घेतले, तर शाई मुंबईवरच पसरली आणि दोन्ही गावांचा मिळून एक ठिपका झाला.

त्या ठिपक्याच्या पोटात रेल्वेचे १९० किलोमीटर दडलेले होते. तेव्हा विजेचा प्रकार बदलत असल्यामुळे इगतपुरीला इंजिन बदलायचे, आणि ते बदलेपर्यंत फलाटावरचा गरम वडा खाऊन व्हायचा. पुढे कसारा घाट. आजही रात्री दीडचे विमान गाठायला आमच्याकडचे लोक दुपारी चारलाच हातावर दही घेऊन निघतात, आणि मला त्यात काहीही वावगे वाटत नाही.

विमानाचे तासही दोऱ्याला कळत नाहीत. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहत असल्यामुळे मुंबई-न्यूयॉर्क हे साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर जाताना जास्त वेळ घेते आणि येताना कमी. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ तर आपल्या साडेबारा किंवा, थंडीत, साडेतेरा तास मागे. त्यामुळे मुंबईहून दुपारी निघालेले विमान तिथे त्याच तारखेच्या संध्याकाळी उतरते. हे मी आईला फार रंगवून सांगितले. तिने शांतपणे विचारले, "मग एकादशीला निघाले, तर उपास सोडायचा कधी?"

मी उत्तर टाळून हिशेब मांडला: घर ते विमानतळ पाच तास, तिथले ताटकळणे चार तास, विमान सतरा तास, एकूण सव्वीस. आईने बोटांवर पुन्हा मोजले.

"आणि तिथल्या विमानतळापासून त्याच्या घरी?"

ते मी त्याला अजून विचारलेले नाही.