स्क्विड गेम आणि मामाची एक्सयूव्ही

नाशिकहून फोन आला की हल्ली पहिला प्रश्न थंडीचा नसतो, जेवणाचाही नसतो. "ते स्क्विड गेममध्ये दाखवलंय तसं तिकडे खरंच असतं का गं?" मावशीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांचा हाच प्रश्न. म्हणजे कर्जात बुडालेली माणसं पैशांसाठी जीवघेणे खेळ खेळतात, ती कोरियन मालिका. आणि इथे दक्षिण कोरियात, सुवॉनला, ऑफिसात त्या मालिकेचं नाव काढलं, की लोक "हो, चांगली आहे" म्हणतात आणि पुन्हा ताटात डोकं घालतात.

मला याचा रागच यायचा. सप्टेंबर 2021 मध्ये मालिका आली आणि पहिल्या 17 दिवसांत 11 कोटींहून जास्त घरांत पाहिली गेली, असं नेटफ्लिक्सनेच जाहीर केलं. पुढच्या वर्षी तिचा नायक ली जंग-जे याला एमी पुरस्कार मिळाला. एवढं सगळं होऊन माणसं इतकी थंड कशी राहू शकतात? आपल्या एखाद्या मालिकेचं असं झालं असतं तर आपण पुढची पाच वर्षं दुसरं काही बोललोच नसतो.

अभिमान नाही असं अजिबात नाही. मालिकेतली ती डोळे फिरवणारी अवाढव्य बाहुली सोलच्या ऑलिंपिक पार्कात उभी केली तेव्हा फोटोसाठी झुंबड उडाली होती. पण कौतुक बाहेरच्यांसाठी आणि कुरकुर आपसांत, असा इथला हिशेब आहे. कुणी म्हणतं, असले जीवघेणे खेळ जपानी कॉमिक्समध्ये कधीचेच येऊन गेलेत, यात नवीन काय? कुणाला शेवटची रडारड नको होती. बायकांची पात्रं ज्या पद्धतीने लिहिली त्यावर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुली अजून चिडतात. मालिकेचे हक्क नेटफ्लिक्सकडे, म्हणजे राबले आमचे लोक आणि गल्ला अमेरिकेत, हे तर टॅक्सीवालेही ऐकवतात. दुसऱ्या सीझनमध्ये गांजाच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या टॉप या रॅपरला घेतलं तेव्हा इथे केवढा गहजब झाला! बाहेरच्या जगाला त्याने केलेलं जांभळ्या केसांच्या थॅनोसचं पात्र आवडलं. इथे मात्र त्याला माफी नाही. (आपल्याकडे याहून मोठ्या गुन्ह्यांतून सुटून आलेल्या हिरोंना हार घालतात. पण ते मी टेबलावर बोलले नाही.)

तर मुद्दा पाचव्या भागाचा. मालिकेचा नायक गी-हुन याला रात्री पहारा देताना जुन्या कारखान्यातला संप आठवतो, तो भाग. जेवताना मी सहज म्हटलं की तिथे मालिका जरा संथ होते. आमचे टीम लीडर मूळचे प्योंगतेक शहरातले. ते तोवर गप्प होते. चॉपस्टिक खाली ठेवून म्हणाले, "माझ्या वर्गमित्राचे वडील होते त्या संपात."

मालिकेत कंपनीचं नाव बदललंय, पण इथे प्रत्येकाला ठाऊक आहे की ती सँगयाँग मोटर, गाड्या बनवणारी कंपनी. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योकनेही मुलाखतींत ते सांगितलंय. 2009 मध्ये 2,646 जणांना काढायची योजना आली आणि कामगारांनी प्योंगतेकचा कारखाना 77 दिवस ताब्यात ठेवला. आत पाणी बंद, वीज बंद, वरून हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचं द्रावण. संप मोडला तरी प्रकरण मिटलं नाही. कामगार आणि त्यांचे कुटुंबीय मिळून पुढच्या वर्षांत तीसच्या आसपास मृत्यू झाले, त्यात आत्महत्या बऱ्याच. 2013 मध्ये कोर्टाने कामगारांवरच 4.7 अब्ज वॉनची भरपाई लादली. तेव्हा कुणीतरी एका साप्ताहिकाला 47,000 वॉन पाठवले: असे एक लाख लोक निघाले तर रक्कम फिटेल. लोक खरंच पाकिटं पाठवू लागले, गायिका ली ह्योरीनेही पाठवलं. पूर्वी पगार पिवळ्या पाकिटातून मिळायचा, म्हणून ती पिवळ्या पाकिटांची मोहीम. संपाबद्दल कामगारांवर असे दावे लावण्याला आळा घालणारा जो कायदा 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेत मंजूर झाला, त्यालाही लोक याच पाकिटाच्या नावाने ओळखतात. गिरणी संपात ज्याचा बाप होता त्याच्यासमोर बसून 'दत्ता सामंतांचा भाग जरा लांबला' म्हणावं, तसं माझं ते वाक्य त्यांच्या कानावर पडलं असणार.

पण ते पुढे म्हणाले, "नंतर ती कंपनी तुमच्या देशातल्या कंपनीने घेतली ना?"

ती कंपनी म्हणजे महिंद्रा. आता मी नाशिकच्या सातपूरची. आमच्याकडे महिंद्रात नोकरी लागली म्हणजे पोरगं मार्गी लागलं असं अजून म्हणतात. मोडक्या कोरियनमध्ये मी सुरू झाले: 2009 मध्ये मालक शांघायचे होते, महिंद्रा आली 2011 मध्ये! काढलेल्यांपैकी राहिलेल्या 119 जणांना परत घेण्याचा करार 2018 चा, म्हणजे आमच्याच काळातला! "आमच्याच" हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, देव जाणे. ते शांतपणे म्हणाले, "हो, आणि 2020 मध्ये?"

2020 च्या एप्रिलमध्ये महिंद्राच्या संचालक मंडळाने 230 अब्ज वॉन द्यायला नकार दिला आणि डिसेंबरात सँगयाँग पुन्हा दिवाळखोरीच्या दारात गेली. आता तिचं नाव केजी मोबिलिटी. मला विचाराल तर कोविडच्या त्या एप्रिलमध्ये कुठल्या शहाण्या कंपनीने परदेशात एवढे पैसे ओतले असते? हे मला अजूनही पटतं. फक्त त्या टेबलावर ते पटवून द्यायला मी इतकी का धडपडत होते, ते सांगता येत नाही.

तसंच अलीचं. मी भारतीय आहे कळलं की हमखास अली, म्हणजे मालिकेतला परदेशी मजूर, निघतो. त्याचं काम करणारा अनुपम त्रिपाठी दिल्लीचा, सोलमध्येच अभिनय शिकलेला, म्हणून मान ताठ होते. मग पगार थकवणारा मालक आणि कारखान्यात गेलेली बोटं आठवतात आणि मी घाईने सांगते की तो पाकिस्तानी दाखवलाय. कारखान्यातल्या मजुरांचा ई-नाइन व्हिसा मिळणाऱ्या देशांत भारत नाहीच. मी ई-सेव्हनवर, म्हणजे कुशल कामाच्या व्हिसावर आले. कुणी विचारलेलं नसतं.

घरच्यांच्या प्रश्नाला मी आता 'हो, बरंच खरं आहे' असं उत्तर देते. लोकांनी घेतलेलं कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळपास पोचलेलं आहे, हे सांगितलं की भाचा लगेच म्हणतो, "आणि ती बाहुली?"

परवा मामाला फोनवर सांगितलं, "तुझी एक्सयूव्ही 300 आहे ना, ती सँगयाँगच्या टिवोली गाडीच्या सांगाड्यावर उभी आहे. त्याच प्योंगतेकच्या कंपनीची."

"म्हणजे आपलं इंजिनिअरिंग तिकडे गेलंय!"

"नाही मामा, तिकडचं इकडे आलंय."

"एकच ते," मामा म्हणाला. "कंपनी आपली होती ना तेव्हा?"